चौथा भोंगा

"हे कुणालाच पटणार नाही," मी म्हणालो, "पण एके काळी वीस हजार वस्तीचं हे गाव माझ्या एका गोळीच्या तालावर जेवायला बसायचं."

शाल्मलीने मोबाइलमधून मान वर केली नाही. मालनने, म्हणजे आमच्या हिने, सोऱ्या दाबता दाबता नुसतं "हं" केलं. माझ्या प्रत्येक गोष्टीच्या सुरुवातीला ती हे एक "हं" करते. त्याचा अर्थ, चालू द्या, मी इथंच आहे.

मागच्या वैशाखातली ही सकाळ. आम्ही तिघं गच्चीवर होतो. माझ्या जुन्या धोतरावर गरम चिकाच्या कुरडया एकेक पडत होत्या. मी काळं फडकं बांधलेली काठी घेऊन कावळ्यांच्या पहाऱ्याला बसलो होतो, आणि शाल्मली पाण्याच्या टाकीच्या सावलीत पाय पसरून बसली होती. दोनच मिनिटांपूर्वी तिच्या मोबाइलमध्ये गजर झाला होता. तिने तो झटक्यात बंद केला आणि कुणी विचारलं नसताना सांगितलं, मैत्रिणीचा फोन होता. बरोबर नऊ वाजले होते.

मैत्रीण वगैरे काही नव्हती. शाल्मली आमच्या थोरल्याची मुलगी, एकोणीस वर्षांची, पुण्याला हॉस्टेलवर राहते. दिवाळीच्या सुमाराला तिला फिट यायला लागली. डॉक्टरांनी सकाळी नऊ आणि रात्री नऊ अशा गोळ्या लावून दिल्या आणि त्या लागूही पडल्या. पण खोलीतल्या मुलींना कळू नये म्हणून ही बया कधी गोळी टाळायची, कधी उद्यावर ढकलायची. मार्चमध्ये मेसमध्ये भरल्या ताटावर पडली. हनुवटीला चार टाके. मग मुलगा आणि सून तिला आमच्याकडे आरामाला सोडून गेले. निघताना सुनेने हळूच सांगितलं, "गोळी घेते का बघा बाबा, पण बघताय असं दाखवू नका." हे कसं करायचं ते मात्र ती सांगून गेली नाही.

मी माझ्या परीने बघत होतो. दोन दिवस झाले होते आणि पाकिटातलं एकच घर रिकामं झालं होतं. आता गजर होऊन गेला तरी पोरगी जागची हलली नव्हती. म्हणून मी ती गोष्ट काढली. त्या सकाळी जशी सांगितली तशीच इथं उतरवतो, एक अक्षर कमी नाही. जास्तीचं तेव्हाच घातलं होतं.

"कसली गोळी?" शाल्मलीने विचारलं. मान अजून खालीच.

"फिटची," मी म्हणालो. "मला फिट यायची. तुला माहीत नाही, तुझ्या बापालाही कधी सांगितलं नाही."

आता मान वर आली. सोऱ्याचा आवाज क्षणभर थांबला आणि पुन्हा सुरू झाला.

मी सांगायला लागलो. एकाहत्तर साल. मी चोवीस वर्षांचा होतो आणि गावात माझ्याएवढा अधिकार कलेक्टरलाही नव्हता, कारण नगरपालिकेचा भोंगा माझ्या हातात होता. इमारतीच्या डोक्यावर लोखंडी मनोरा, त्यावर भोंगा, खाली एक खोली. खोलीत मोटार, भिंतीवर हातभर लांबीचं घड्याळ आणि त्याच्या शेजारी खटका. खटका दाबून धरायचा, मनात साठ मोजायचे आणि सोडायचा. सकाळी सात, दुपारी बारा, संध्याकाळी सहा. बाकी वेळ मोटारीला तेल द्यायचं, मनोऱ्यावर चढून घाण काढायची आणि रात्री नऊपर्यंत कचेरीची राखण करायची.

गावात तेव्हा मनगटी घड्याळं मोजून पंधरा. बाकी सगळे माझ्यावर. बाराचा भोंगा झाला की मास्तर अर्धं वाक्य फळ्यावर ठेवून शाळा सोडायचे. सहाचा झाला की न्हावी अर्धी दाढी ठेवून दुकान बंद करायचा. उरलेली अर्धी घेऊन लोक दुसऱ्या दिवशी सातच्या भोंग्याला यायचे. सटवा गवळ्याची म्हैस तर भोंगा ऐकल्याशिवाय पान्हाच सोडत नसे.

"शेळी," ही म्हणाली.

"काय?"

"म्हैस नव्हती ती. शेळी होती."

मी म्हैसच ठेवली आणि पुढे निघालो.

लग्नाला सहा महिने झाले होते. दिवाळी आटोपून घरची सगळी मंडळी एका बारशाला गेली होती, घरी आम्ही दोघंच. सकाळची वेळ. मी चुलीपुढे बसलो होतो, आणि बसल्या जागी डोळे फिरले, हातपाय वाकडे झाले, चुलीवरचं आमटीचं भांडं कलंडलं. माझं मला काही कळलं नाही. शुद्धीवर आलो तेव्हा जीभ चावलेली, अंग ठेचून काढल्यासारखं, आणि नाकाला चप्पल.

"तुम्ही चुलीपुढे काय करत होता?" शाल्मलीने विचारलं.

"विडी पेटवायला गेलो होतो."

"आणि चप्पल?"

मी म्हणालो, तेव्हा तेच औषध होतं. माणूस असा पडला की कांदा फोडा नाहीतर चप्पल हुंगवा. तुझ्या आजीला घाईत कांदा सापडला नाही. चप्पल लावली ती पण माझीच, म्हणजे मी कुठं कुठं चालून आलोय ते मला एका श्वासात कळलं. आजीकडे बघून घे, तिच्या हातावर अजून त्या आमटीचा डाग आहे. मला चुलीपासून ओढताना भाजली बिचारी.

शाल्मलीने आजीच्या हाताकडे पाहिलं. मनगटापासून कोपरापर्यंत चकाकणारी कातडी तिने लहानपणापासून पाहिली होती, पण ती कशाची हे कधी विचारलं नसावं. हिने हात मागे घेतला नाही. "चप्पल लावली होती, एवढं खरं आहे," असं म्हणाली आणि सोऱ्यात चीक भरायला लागली.

दुसऱ्या दिवशी सासुरवाडीला जातो असं घरी सांगून आम्ही दोघं मिरजेला गेलो. तिथं डॉक्टर उपळेकर म्हणून होते, कमी बोलणारे. त्यांनी सगळं विचारून घेतलं, आणि चप्पल म्हटल्यावर म्हणाले, चप्पल पायात घालायची असते. असं झालं की माणसाला कुशीवर वळवायचं, तोंडात काही कोंबायचं नाही, आजूबाजूचं टोचणारं भाजणारं बाजूला करायचं आणि थांबायचं. मग बारीक पांढऱ्या गोळ्या लिहून दिल्या. रोज रात्री आठला एक. सात नाही, दहा नाही. "हा रोग लाजेचा नाही, वेळेचा आहे," एवढंच शेवटी म्हणाले. "एक दिवस चुकलात तर त्याच्या लक्षात येतं."

पण घरी सांगायची सोय नव्हती. माझ्या आईने गोळ्या उकिरड्यावर फेकल्या असत्या आणि दर अमावास्येला देवऋष्यापुढे बसवलं असतं. भावाची सोयरीक चालली होती, घरात असलं काही आहे कळलं की तीही मोडली असती. तेव्हा गोळ्या ठेवल्या स्वयंपाकघरात, हिंगाच्या डबीत. हिंगाने आईला शिंका यायच्या म्हणून त्या डबीला ती हात लावायची नाही. पुढं कित्येक वर्षं त्या गोळीला फोडणीचा वास यायचा.

"हॉस्टेलला हिंग नसतो," शाल्मली म्हणाली. पहिल्यांदाच थोडं हसली.

राहता राहिली वेळ. घरात घड्याळ एकच, ते बाहेरच्या सोप्यात वडलांच्या डोक्यावर. रात्री तिथं चार माणसं बसलेली असायची. पहिल्या महिन्यात गोळी दोनदा चुकली. दुसऱ्यांदा चुकली त्या पहाटे अंथरुणातच फिट आली. घरात कुणाला कळलं नाही, पण आम्ही दोघं उजाडेपर्यंत एकमेकांकडे बघत बसलो. त्या दिवशी संध्याकाळी मी कामावर गेलो, सहाचा भोंगा केला, आणि आठ वाजता उठून पुन्हा खटका दाबला. साठ मोजले. सोडला.

बाहेर बाजारात सगळे जागच्या जागी उभे. चौकातून दोघं तिघं धावत आले, कुठं आग लागली? मी म्हणालो, वरचा हुकूम आहे. कुणाचा, ते कुणी विचारलं नाही. वरचा म्हटल्यावर कोण विचारतो? हेडक्लार्क आवटींना वाटलं अध्यक्षांनी सांगितलं असेल, अध्यक्षांना वाटलं सरकारने. पंधरा दिवसांत लढाई लागली, मग तर लोकांनी स्वतःच कारण शोधून काढलं. आठला भोंगा, म्हणजे दिवे झाका. लढाई संपली तरी भोंगा राहिला. आठ झाले की दुकानांच्या फळ्या लागायच्या, देवळात आरती सुरू व्हायची, पोरं खेळ टाकून घरी पळायची आणि घराघरात पानं मांडली जायची. जे गाव आधी दहापर्यंत चकाट्या पिटायचं ते नऊला घोरायला लागलं.

"आणि ते सगळं एका गोळीसाठी," मी म्हणालो. "अजून वाजतो की. काल जेवायच्या आधी झाला तोच तो."

मागे वळून कावळ्याला काठी दाखवली. शाल्मलीने मोबाइल उपडा ठेवला होता.

पाच महिने असे छान गेले. गोळी एकदाही चुकली नाही, फिट एकदाही आली नाही. मग करमरकर नावाचे नवे मुख्याधिकारी आले. सडपातळ माणूस, दर कागद दोनदा वाचायचा. आठ दिवसांत त्यांनी मला आत बोलावलं. आवटी फायली घेऊन शेजारी उभे.

"साळोखे," साहेब म्हणाले, "ठरावात भोंगे तीन आहेत. मी रोज चार ऐकतो. चौथा कुणाच्या हुकमाने?"

माझ्याकडे तीन थापा तयार होत्या. एक लढाईची, एक नदीच्या पुराची आणि एक कलेक्टरची. तिन्ही एकामागून एक सांगितल्या. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतल्या. मग म्हणाले, लढाई संपली, पूर आषाढात येतो, आणि कलेक्टरांशी मी कालच बोललोय. चूक झाली म्हणा आणि जा. नोकरीवर काही आणत नाही. मात्र आजपासून चौथा भोंगा बंद.

एवढ्यावर सुटत होतो. मुंडी हलवायची आणि बाहेर पडायचं. दारापर्यंत गेलोही. तिथून कचेरीचं घड्याळ दिसत होतं, पावणेसहा. आठला अजून सव्वादोन तास होते. मी परत फिरलो.

"साहेब, मला फिट येते," मी म्हणालो.

आवटी दोन पावलं मागे सरकले.

"मिरजेच्या डॉक्टरांच्या गोळ्या चालू आहेत. रोज आठला एक. वेळ चुकली की पडतो. चुकू नये म्हणून भोंगा करतो. हुकूम कुणाचा नाही, माझाच."

आवटींनी तेवढ्यात माझी फाइल काढली, पानं उलटली आणि बोट ठेवून म्हणाले, "साहेब, हे खोटं बोलतायत. नोकरीला लागताना डॉक्टरांचा दाखला आहे. त्यात स्वच्छ लिहिलंय, फिट."

"ते फिट वेगळं, आवटी," साहेब म्हणाले.

शाल्मली मोठ्याने हसली. हनुवटीवरची टाक्यांची जागा ओढली असावी, तिने तिथं हात नेला आणि हसतच राहिली. ही पण हसली. हा भाग तिला मी पूर्वी हजार वेळा सांगितला होता.

मग साहेबांनी विचारलं, शेवटची कधी आली? मी म्हणालो, चौथा भोंगा सुरू झाल्यापासून नाही. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग परत घड्याळाकडे.

"घरी कोण कोण असतं तुमच्या?"

"आईवडील, दोन भाऊ. आणि बायको."

"हं," ते म्हणाले. बराच वेळ पेन्सिल टेबलावर उभी आडवी करत राहिले. मग समजावल्यासारखं म्हणाले, "हे बघा, तुम्ही आता आवटींच्या समोर बोललात. फिट येणाऱ्या माणसाला मोटारीपाशी आणि मनोऱ्यावर ठेवता येत नाही मला. कळतंय ना?"

"कळतंय साहेब. मला काढा. पण आठचा भोंगा काढू नका. गावाला सवय झालीय."

"गावाला," साहेब म्हणाले, आणि कागद पुढे ओढला.

त्याच कागदावर दोन ओळी लिहिल्या. पहिलीत मी भोंग्यावरून जकात नाक्यावर. दुसरीत रात्री आठचा भोंगा कायम. त्या संध्याकाळी भोंगा दुसऱ्याने वाजवला. त्याने मोजले ते साठ नव्हते, पन्नासच होते. नाक्यावर बसून मी ऐकले.

दुसऱ्या दिवशी सगळ्या गावाला कळलं. आवटी असल्यावर दवंडी लागत नाही. न्हावी माझी दाढी करेना, म्हणाला वस्तरा हातात असताना तुला काही झालं तर? पोरं मला बघून चप्पल काढून हातात घ्यायची. आईने तीन दिवस अन्न घेतलं नाही. चौथ्या दिवशी हिला जवळ घेऊन म्हणाली, "तुझं वाटोळं केलं गं आम्ही. असला पोरगा तुझ्या गळ्यात बांधला." आणि त्या दिवसापासून माझी आई, जिने सुनेला कधी बसल्या जागी पाणी दिलं नव्हतं, ती हिला कामात सवलत द्यायला लागली. नवऱ्याचं करून दमते म्हणून.

एक कुरडई वाकडी पडली. हिने ती उचलून परत चिकात टाकली.

पण मला काही वाईट दिवस आले नाहीत, मी शाल्मलीला सांगितलं. नाक्यावर गाडीवाला हुज्जत घालायला लागला की मी नुसते डोळे फिरवायचो. तो जकात देऊन, वर मला लिंबूसरबत पाजून जायचा. गोळ्या सात वर्षं चालल्या, मग उपळेकरांनी हळूहळू कमी करत बंद केल्या. गोळ्या बंद झाल्या तेव्हा तुझा बाप तीन वर्षांचा होता. सगळं नीट झालं. आता सांग, तुझ्या हॉस्टेलच्या चार पोरींना कळलं तर काय होणार आहे? माझं तर वीस हजारांना कळलं होतं.

गोष्ट संपली असं मला वाटलं. गोष्ट चांगली झाली होती. मी काठी टेकून कावळ्यांकडे बघायला लागलो.

शाल्मली गुडघे पोटाशी घेऊन कुरडयांकडे बघत होती. ती लहानपणी गणितं सोडवायची तेव्हा तिचे ओठ हलायचे, तसे हलत होते.

"आजोबा, भोंग्याच्या खोलीत घड्याळ होतं ना? भिंतीवर, हातभर लांब."

"होतं की."

"आणि खटका त्याच्या शेजारी."

"शेजारीच."

"म्हणजे आठ वाजले हे गावात सगळ्यात आधी तुम्हाला कळायचं. मग तुम्हाला आठवण करायला भोंगा कशाला पाहिजे होता?"

मी म्हणालो, डोळ्यांनी पाहिलेलं माणूस विसरतो, कानांनी ऐकलेलं विसरत नाही. थाप वाईट नव्हती, पण जरा उशिरा आली.

"आणि गोळी घरी होती. हिंगाच्या डबीत," ती म्हणाली. "आठला तुम्ही कचेरीत असायचा. नऊपर्यंत."

"एक खिशात ठेवायचो."

"मग खिशाला हिंगाचा वास यायला पाहिजे. तुम्ही म्हणालात फोडणीचा, म्हणजे गोळी चुलीपाशीच घेतली जायची." ती माझ्याकडे बघतच नव्हती. "आणि काल आठचा भोंगा झाला ना आजोबा, तेव्हा तुम्ही पेपर वाचत होता. आजी उठली. हातातली भाजी टाकून उठली, भांड्यात पाणी घेऊन प्याली आणि परत येऊन बसली. परवाही तसंच. तिला तहान लागली नव्हती, अर्धंच प्याली."

सोऱ्या थांबला होता. मला आणखी एक थाप सुचली होती, चांगली होती, पण हिने माझ्याकडे पाहिलं आणि मी ती गिळली. बावन्न वर्षं सांभाळलेली गोष्ट होती. ती उघडायचा हक्क माझा नव्हता, म्हणून तर मी माझ्या नावावर सांगत होतो.

हिने हात पदराला पुसले. तांब्यातलं पाणी भांड्यात ओतलं आणि भांडं शाल्मलीपुढे सरकवलं.

"नऊची राहिलीय तुझी," ती म्हणाली. "मैत्रिणीचा फोन येऊन गेला मघाशी. इथंच घे, आमच्यासमोर. चुलीमागे उभं राहून घ्यायचे दिवस मी काढलेत, तू काढू नकोस."

शाल्मलीने कुडत्याच्या खिशातून पाकीट काढलं. गोळी तळहातावर घेतली, आजीच्या भाजलेल्या हाताकडे एकदा पाहिलं आणि पाणी प्याली. अख्खं भांडं संपवलं.

मग ही माझ्याकडे वळली.

"आणि तुम्ही ऐका. फिट तुम्हाला आयुष्यात एकदाही आली नाही, एकदाही. मला यायची. आणि सटवाची ती म्हैस नव्हती, शेळी होती."